पुसलेल्या टेपवरचे प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरला एका लग्नात पंगती उठल्यानंतर आम्ही पाच-सहा जण मांडवाच्या कडेला पान चघळत बसलो होतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले. विषय कुठून निघाला ते आठवत नाही, पण बघता बघता वाद पेटला. झी टीव्हीवरच्या जुन्या ‘अंताक्षरी’त अन्नू कपूरच्या जोडीला आधी रेणुका शहाणे होती की पल्लवी जोशी? एकाने मध्येच दुर्गा जसराज यांचे नाव घेतले. दिवाने, परवाने आणि मस्ताने या तीन चमूंपैकी बहुतेक वेळा जिंकायचे कोण, यावर तर दोघे साडूच एकमेकांवर उठले. माझा चुलतभाऊ एका अंतिम फेरीचे वर्णन असे रंगवून सांगत होता की जणू काल रात्रीच पाहिली. शेवटी पुतण्याला म्हटले, बघ बाबा तुझ्या मोबाइलवर. त्याने दहा मिनिटे बोटे फिरवली आणि म्हणाला, “काका, हे दोन-चार तुकडे आहेत. तुम्ही म्हणताय ते काही सापडत नाही.” त्याच्या पिढीच्या हिशेबाने जे मोबाइलमध्ये सापडत नाही ते घडलेच नाही. वाद तिथेच मिटला. म्हणजे मिटला नाही, नवरीची पाठवणी निघाली म्हणून उठावे लागले.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात घर करून आहे. दूरदर्शनवरच्या मालिका आपण पुन्हा पुन्हा पाहिल्या. रामानंद सागरांचे ‘रामायण’ १९८७-८८ मध्ये एकदा पाहिले आणि २०२० च्या मार्च अखेरीस, टाळेबंदीत, पुन्हा पाहिले. धाराशिवच्या आमच्या गल्लीतही रस्ते ओस आणि घराघरांतून तोच आवाज, असा तेहेतीस वर्षांपूर्वीचा देखावा परत दिसला. मग प्रश्नमंजूषा, शब्दखेळ, गाण्यांच्या भेंड्या, बक्षिसांचे खेळ यांचे पुनःप्रक्षेपण करावे असे कोणाला का वाटत नाही? कोणी म्हणेल, उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न कोण बघणार? त्यावर माझे म्हणणे एवढेच की, रावण मरणार हेही आम्हाला आधी ठाऊक होतेच की!

आमच्याकडे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, टीव्ही आला तो १९८४ नंतरच्या धामधुमीत. त्या वर्षी देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे धडाक्याने उभी राहत होती. या केंद्रांचा एक गमतीचा भाग होता. ती उपग्रहावरून दिल्लीचे कार्यक्रम घ्यायची. त्यामुळे मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम मुंबई-पुण्याच्या मंडळींनी १९७२-७३ पासून पाहिले, पण आमच्यासारख्यांना आधी दिल्ली दिसली आणि मुंबई कितीतरी उशिरा. साबिरा मर्चंट यांच्या ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ची आठवण मुंबईकर मित्र काढतात तेव्हा मी गप्प बसतो. विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे ही निर्मात्यांची नावे त्यांच्या घरी नातेवाइकांसारखी घेतली जात. चिमणराव कोणी केला यापेक्षा तो कोणाची निर्मिती, हे सांगणारी माणसे तिकडे होती. आमच्या वाट्याला पहिला आला तो सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’. साल १९८५. कॉलेजच्या मुलांच्या जोड्या, समोर बझर, आणि सगळे काही इंग्रजीत.

गल्लीत टीव्ही दोनच. त्यातला एक आमच्याकडे. कार्यक्रम सुरू झाला की ओटीवर वीस-पंचवीस माणसे. आजी जात्याच्या खोलीतून विचारायची, “काय म्हणूलालाय रे तो?” आणि आमच्यापैकी कोणालाच सांगता यायचे नाही. तरीही आम्ही बघत होतो. का बघत होतो, याचे उत्तर आज देता येते. कोणीतरी आपल्याएवढ्याच वयाचा मुलगा टीव्हीवर बसला आहे, त्याला काही विचारले जात आहे आणि सगळा देश त्याच्या उत्तरासाठी थांबला आहे, हेच आम्हाला नवीन होते. मालिकेत नट असतात, बातम्यांत पुढारी. इथे साधी माणसे होती. साधी म्हणजे, दिल्ली-कलकत्त्याच्या मोठ्या कॉलेजातली. पण नट नव्हेत एवढे खरे.

माझे मामा कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. ‘क्विझ टाइम’च्या दिवशी ते मुद्दाम एस.टी.ने आमच्याकडे मुक्कामाला यायचे आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने परत शाळेवर जायचे. मांडीवर दोनशे पानी वही. इंग्रजी कानावर पडेल तसे ते देवनागरीत उतरवून घेत. उत्तर कळले तर लिहीत, नाही कळले तर रकाना मोकळा सोडत आणि आठवडाभरात कोणाला तरी विचारून भरत. शनिवारी सकाळच्या शाळेत हेच प्रश्न मराठीत मुलांना विचारले जात. त्यात मामा आपली भर घालत. नाईल नदी कोणत्या समुद्राला मिळते, या प्रश्नाच्या खाली लगेच, नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल कोणत्या नदीवर? गोरोबाकाकांचे गाव कोणते? ‘उस्मानाबादी’ ही कशाची जात? (शेळीची. दिल्लीतल्या एकाही जोडीला हे आले नसते, याचा मामांना केवढा आनंद!) पुढे करोडपतीच्या खेळाच्या मराठी आवृत्त्या निघाल्या तेव्हा मला वाटले, पहिली मराठी आवृत्ती तर कळंब तालुक्यातल्या पत्र्याच्या शाळेत पाव शतक आधीच निघाली होती. पुनःप्रक्षेपण हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता तेव्हा मामा दर शनिवारी तेच करत होते.

आमच्या चौकातल्या व्हिडिओ सेंटरवाल्याशी मामांची दोस्ती. त्याच्याकडून त्यांनी एकदा ‘क्विझ टाइम’चा एक भाग कॅसेटवर उतरवून घेतला. ती कॅसेट आम्ही मुलांनी किती वेळा पाहिली असेल याला गणती नाही. प्रश्न पाठ, उत्तरे पाठ, मधल्या जाहिरातीही पाठ. मामेबहिणीचे लग्न निघाले तेव्हा शूटिंगवाल्याकडे कोरी कॅसेट कमी पडली. कोरी कॅसेट महाग होती त्या काळी. घरातली होती ती दिली गेली आणि तिच्यावर लग्न चढले. मामा काही बोलले नाहीत. पोटच्या पोरीचे लग्न, त्यात काय बोलणार?

आमच्या घरात जे झाले तेच जगभर झाले. टेप महाग, कपाटे अपुरी आणि खेळांच्या कार्यक्रमांना कोणी साहित्य समजत नाही. म्हणून वापरलेल्या टेपवर पुन्हा चित्रण करायचे, ही सगळीकडची रीत. आपल्याकडे होतीच, बीबीसीसारखी संस्थाही १९७८ पर्यंत जुन्या टेपा पुसत होती. अमेरिकेत मर्व्ह ग्रिफिन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला ‘जेपर्डी’ अकरा वर्षे चालला आणि त्या पहिल्या पर्वाचे बहुतेक भाग नष्ट झाले. मात्र ‘व्हॉट्स माय लाइन’ हा १९५० चा कार्यक्रम पाहायला मिळतो. एक पाहुणा येतो, त्याचा धंदा काय हे चार चतुर माणसांनी प्रश्न विचारून ओळखायचे, एवढाच खेळ. तो शिल्लक राहिला कारण मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या निर्मात्यांच्या लक्षात आले की वाहिनी प्रती नष्ट करते आहे. त्यांनी १९५२ च्या सुमारास त्या जपून ठेवण्याची व्यवस्था केली. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेत फक्त अशा खेळांसाठी एक स्वतंत्र वाहिनीच सुरू झाली आणि हे कृष्णधवल भाग रात्री-अपरात्री पुन्हा दिसू लागले. ज्यांनी ते लहानपणी आजोबांच्या मांडीवर पाहिले होते ते स्वतः आजोबा होऊन पाहू लागले. सूत्रसंचालक सगळ्यांना आठवतो. टेप जपण्याची सोय निर्माता करतो. त्याचे नाव कोणाला आठवते?

निर्माता देवमाणूस असतो असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच अमेरिकेत ‘ट्वेंटी वन’ नावाच्या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरन हा देखणा प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला, देशाचा लाडका झाला आणि मग उघड झाले की निर्मातेच त्याला आधी उत्तरे पुरवत होते. १९५९ मध्ये त्याने तिथल्या संसदीय समितीपुढे कबुली दिली. पण हे भाग शिल्लक आहेत. काचेच्या खोलीत उभा राहून, रुमालाने कपाळ पुसत, ठाऊक असलेले उत्तर आठवण्याचे सोंग करणारा तो माणूस आजही बघता येतो. लबाडी जपली गेली म्हणून समजली. आमच्याकडे लबाडी झाली की नाही, हे सांगायलाही काही उरलेले नाही.

असो. १९९२ च्या ऑक्टोबरात झी आले आणि केबलवाल्यांनी आमच्या विजेच्या खांबांवरून वायरी ओढल्या. गजेंद्र सिंग यांची ‘अंताक्षरी’ १९९३ ची. सप्टेंबर अखेरीस किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर, लोहारा, उमरगा हा आमचाच भाग. त्या हिवाळ्यात पत्र्यांच्या तात्पुरत्या वसाहतीत राहणाऱ्या नातेवाइकांना भेटायला गेलो असताना एका शेडमध्ये बायका भेंड्या खेळत बसल्या होत्या. टीव्ही नव्हता. पण चमूंची नावे दिवाने आणि परवानेच होती. मला ते दृश्य तेव्हा विचित्र वाटले होते. रागही आला होता. आज वाटते, त्यांना रात्र काढायची होती आणि गाणी तोंडपाठ होती. माझ्या रागाला काय अर्थ होता?

मग ३ जुलै २०००. ‘कौन बनेगा करोडपती’. मागे तेच सिद्धार्थ बसू, ‘क्विझ टाइम’वाले. पंधरा वर्षांत त्यांनी इंग्रजी सोडून हिंदी धरली आणि कॉलेजची दारे सोडून सगळ्यांना आत घेतले. माझ्या मते भारतीय टीव्हीवरचा हा सर्वांत मोठा बदल होय. अमिताभच्या आवाजावर पानेच्या पाने लिहिली गेली, पण प्रश्न आम्हाला समजेल अशा भाषेत आला यावर फारसे कोणी लिहिले नाही. उस्मानाबादला एसटीडी बूथवर नंबर लावायला रांगा लागत. ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला आणि मराठी नाव ऐकून आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, तो आमचा कोण लागत होता देव जाणे. त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची. पन्नास लाखांचा प्रश्न पडला आणि वीज गेली, असे आमचे कित्येकदा झाले. ती उत्तरे आजतागायत कळलेली नाहीत. पुन्हा दाखवा म्हणतो ते एका अर्थी त्यासाठीही!

सचिन खेडेकरांनी २०१३ मध्ये हाच खेळ मराठीत आणला आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे त्या खुर्चीत बसले. मंजुळे जेऊरचे, म्हणजे आमच्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले. त्यांची बोली ऐकून आमच्याकडच्या कित्येकांना पहिल्यांदा वाटले की इथे आपण तोंड उघडले तरी कोणी हसणार नाही. त्याच वर्षी हिंदी खेळात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार मानधनावर. माझ्या मामांनी हे पाहायला हवे होते. ‘क्विझ टाइम’च्या १९८५ पासून इथपर्यंत चौतीस वर्षे लागली. मधला सगळा प्रवास कोणी ओळीने दाखवील तर तो कोणत्याही मालिकेपेक्षा रंजक होईल, यात मला शंका नाही.

आणि ‘होम मिनिस्टर’. सुशिक्षित मंडळी या कार्यक्रमाला नाके मुरडतात. मीही मुरडत असे. आदेश बांदेकर २००४ पासून जवळजवळ वीस वर्षे घरोघर फिरले, महाराष्ट्राचे भावोजी झाले, उखाणे घेतले, नवऱ्यांना बायका उचलायला लावल्या. २०२२ मध्ये तर अकरा लाखांची पैठणी निघाली. ती मला मुळीच आवडली नाही. साडी एवढी महाग झाली की खेळाचा जीव जातो. पण माझ्या पत्नीने मला एकदा गप्प केले. म्हणाली, “तुम्ही खेळ बघता. मी घर बघते.” खरेच आहे ते. चाळीतली दहा बाय बाराची खोली, भिंतीवरचे देव, शोकेसमधली न वापरलेली कपबशी, दारात थबकलेली सासू, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी “तुम्हाला काय आवडतं?” असे विचारल्यावर गोंधळून नवऱ्याकडे बघणारी बाई. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांचा याहून मोठा चित्रसंग्रह कोणाकडे असेल? तेव्हा कोणी तो इतिहास म्हणून चित्रित केला नव्हता, म्हणून तर तो विश्वासाचा.

याच कार्यक्रमातून गावोगाव ‘खेळ पैठणीचा’ निघाले. आमच्याकडे नवरात्रात एखादे मंडळ, एखादा नगरसेवक आणि ध्वनिक्षेपक एवढे जमले की झाले. चार वर्षांपूर्वी आमच्या चौकात तो रंगला होता. खुर्च्यांवर सवाष्णी. माझी काकू मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभी. काका जाऊन अकरा वर्षे झालेली. सूत्रसंचालक काही विचारी आणि काकू उत्तर पुटपुटे. सगळी बरोबर. तिला पुढे ये म्हणायचे कोणालाही सुचले नाही, मलाही नाही. पैठणी मराठवाड्यातल्या पैठणची, खेळ आमच्या चौकातला आणि काकूच्या कपाटात अशी एकही साडी नाही. खुर्ची कोणाला मिळते हा प्रश्न ‘क्विझ टाइम’च्या वेळी होता तो असा अजून चौकात उभा आहे. जुन्या भागांतून तोही दिसेल: कोणाला बोलावले, कोणाला नाही, कोण मागे उभे होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सह्याद्री वाहिनीने आपल्या कपाटांत प्रश्नमंजूषांचे आणि खेळांचे जे काही उरले असेल त्याची यादी करावी आणि ती लोकांसमोर ठेवावी. आठवड्यातून एक तास द्यावा. रविवारची सकाळ नको, ती महाग असते म्हणतात. दुपारी द्यावा, आम्ही जागे राहू. प्रसार भारती जुन्या ठेव्यातले बरेच काही आता इंटरनेटवर टाकते, त्यात गाण्याच्या मैफली असतात, नाटके असतात, ते चांगलेच आहे; पण बझर दाबून चुकणाऱ्या मुलांनाही त्यात जागा मिळावी. खाजगी वाहिन्यांकडे तर हजारो भाग असतील. तिथे अडचण हक्कांची आणि जाहिरातींची आहे, टेपची नाही. आणि हे कार्यक्रम ज्यांनी रचले, प्रश्न काढले, स्पर्धक निवडले, त्या निर्मात्यांना आणि सहाय्यकांना कोणीतरी कॅमेऱ्यासमोर बसवून बोलते करावे. ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. प्रश्न कसा निवडला, कोणता गाळला, उस्मानाबादचे पत्र आले तर ते कोणत्या ढिगात गेले, हे त्यांनाच माहीत.

आपल्या घरांतही पाहावे. ‘लग्न’ असे लिहिलेल्या कॅसेटी माळ्यावरून भंगारात टाकण्याआधी एकदा शेवटपर्यंत बघून घ्याव्यात. हे अनुभवाने सांगतो. तुळजापूरच्या त्या लग्नाहून परतल्यावर मामेबहिणीकडून तिच्या लग्नाची कॅसेट मागून घेतली. बुरशी चढली होती. सोलापूरच्या एका दुकानात ती साफ करून संगणकावर उतरवून घेतली आणि आम्ही दोघे बघायला बसलो. अक्षता झाल्या, जेवणे झाली, पाठवणी झाली. मामा जवळजवळ कुठेच दिसत नाहीत. वधूपित्याला लग्नाच्या चित्रणात कधी जागा असते? मग पडदा निळा झाला, रेघा आल्या आणि एकदम दुसराच आवाज सुरू झाला. लग्नाचे चित्रण कॅसेटच्या शेवटापर्यंत पोहोचलेच नव्हते. चार मिनिटे ‘क्विझ टाइम’ खाली तसाच शिल्लक होता. दोन मुले एकमेकांच्या कानात कुजबुजत आहेत, घंटा वाजते, प्रश्न पुढच्या जोडीकडे जातो. मी मामांची वही काढली. प्रश्न सापडला, त्यांच्या वळणदार अक्षरात, उत्तराच्या रकान्यात आधी शिसपेन्सिलीने एक लिहून खोडलेले आणि मग शाईने बरोबर लिहिलेले. टेप संपली. बहीण म्हणाली, “लग्न जरा आधी आटपायला हवं होतं रे.”